उरलेल्या चिठ्ठ्या

चौदा नंबरचा प्रश्न मी लिहिलाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं.

प्रश्न असा होता. बावीस बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं पाच हजार टाकायचे आणि डब्यातून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याचे सगळे एक लाख दहा हजार. पहिल्याच महिन्यात तुमचं नाव निघायची शक्यता किती? पर्याय अ, बावीसात एक. ब, अर्धी-अर्धी. क, गरज असेल त्याप्रमाणे. ड, सांगता येत नाही.

बरोबर उत्तर अ. चुकीचे तीन पर्यायही मीच घातले. एका प्रश्नाचे मला साडेतीनशे रुपये मिळायचे. ह्याचे चारशे मिळाले, कारण वरून शेरा आला होता, 'स्थानिक उदाहरण, छान.' क पर्याय मला कुठून सुचला ते तेव्हा कळलं नाही. गंमत म्हणून घातला.

ह्या प्रश्नात माझी बहीण नापास झाली.

समजांक म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण बहुतेकांना अर्धंच माहीत असतं. आपण डोक्यात काही काम करत असलो की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. अगदी किंचित. सतरा गुणिले तेवीस मनात करायला घ्या, बाहुली फुगते. उत्तर सापडलं की परत बसते. हे निरीक्षण फार जुनं आहे. नवीन एवढंच झालं की फोनचा कॅमेरा ती वाढ मोजण्याइतका बारीक झाला. मग त्यात आणखी दोन गोष्टी जोडल्या. वाचताना नजर कुठल्या शब्दावर मागे फिरते, आणि उत्तर देण्याआधी माणूस किती थांबतो. लाखो माणसांची अशी मापं दाखवून यंत्राला शिकवलं. आता ते नुसतं उत्तर बघत नाही. उत्तर तुम्हाला कळून आलंय, पाठ केलंय, की ठोकून दिलंय, तेही सांगतं. अडखळत चुकलात तर थोडे मार्क जातात. बिनधास्त चुकलात तर खूप जातात. कारण बिनधास्त चुकणारा माणूस जास्त पैसे बुडवतो, असं आकड्यांत दिसलं होतं.

यंत्र आलं, मागून कायदा आला. कायदा वाईट नव्हता. फोनवरच्या कर्जांनी आणि दामदुप्पट योजनांनी घरंच्या घरं धुऊन नेली होती. आमच्या मागच्या गल्लीतला एकजण चाळीस जणांची भिशी घेऊन गायब झाला, तो आजवर सापडलेला नाही. तेव्हा समिती बसली आणि तिनं विचारलं, माणसाला स्वतःचा पैसा स्वतः सांभाळायला किती समज लागते? उत्तर आलं, साठ. शंभरपैकी साठ. वर असाल तर तुम्ही 'स्वतंत्र'. खाली असाल तर 'सांभाळात'. तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही नापास झालात तर रक्ताच्या नात्यात ज्याचा समजांक सगळ्यात जास्त, तो तुमचा सांभाळकर्ता. तसं कुणी नसेल तर यंत्रच सांभाळतं.

आमच्या इचलकरंजीत ह्या सगळ्याला 'डोळं तपासून येणं' म्हणतात.

माझा समजांक चौऱ्याण्णव होता.

आता जे लिहितो ते तेव्हा आक्कालाही माहीत नव्हतं. चौऱ्याण्णव मिळाले त्याच्या आदल्या वर्षी मी शेअरबाजारात, ऑप्शन्समध्ये, दोन लाख ऐंशी हजार घालवले होते. माझी सगळी शिल्लक. आणि मला एकेक पायरी कळत होती. किती जाऊ शकतात, जायची शक्यता किती, सगळं. तरी लावले. यंत्र कळलेलं मोजतं. कळल्यावर माणूस काय करतो ते मोजत नाही.

मी पुण्यात नऱ्ह्याला एका खोलीत राहतो. काम घरून, ह्याच परीक्षेचे प्रश्न लिहायचं. कॉलेज केलं नाही, सगळं लॅपटॉपवर स्वतःचं स्वतः शिकलो. कायदा यायच्या आधी मला फोन यायचे. ऋतुराज, ही पॉलिसी घेऊ का? ऋतुराज, सोन्यात टाकू की पोस्टात? लग्नाला गेलो तरी कुणीतरी कोपऱ्यात ओढायचं. आता कुणी विचारत नाही. साठच्या वरचे स्वतः बघतात, खालच्यांचं दुसरं कुणी बघतं. एकमेकांना विचारायचं असं काही उरलंच नाही. चार-चार दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि मग दूध आणायला गेलो की माझाच आवाज मला घोगरा लागतो.

अशातच मार्चअखेरीला आक्काचा फोन आला.

'एकतीस,' ती म्हणाली.

'काय एकतीस?'

'मार्क. डोळं तपासून आलो.' आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल आलो-गेलोच म्हणतात.

'एकतीस कसे, आक्का?'

'मला काय म्हाईत? तिथली पोरगी म्हणाली, काकू, तुमाला जोखीम कळत न्हाई. म्हटलं, बाई, एकोणीस वर्सं भिशी चालवतो, एक रुपाया हिकडचा तिकडं न्हाई. तर म्हणती, त्येच प्रश्न चुकलासा.'

म्हणजे माझाच प्रश्न. ज्याच्या खात्यात भिशीचे पैसे दिसतात त्याला यंत्र भिशीचंच उदाहरण देतं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच्यावरच रचतं. ओळखीच्या गोष्टीतून समज नीट कळते, म्हणून. हे पण मीच सुचवलं होतं.

'तू काय उत्तर दिलंस?'

'गरज आसंल त्याप्रमाणं. दुसरं काय आसणार?'

आक्का म्हणजे सारिका. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा असताना आई-बाबा गेले, तेव्हापासून तिनंच वाढवलं. ती कांड्या भरते. धोट्याच्या मागाला लागतात त्या सुताच्या छोट्या कांड्या, दिवसाला हजारभर. तसले माग आता शहरात थोडेच उरलेत, पण आमच्या गल्लीत आहेत. तिच्या भिशीतल्या बहुतेक बायका कांड्याच भरणाऱ्या. वही नाही, काही नाही. सगळं डोक्यात.

मी एसटीनं गेलो.

दाजी मागावर होते. घरात खडखडाट नेहमीसारखा, भिंतीपलीकडून. आम्ही त्या आवाजाच्या वर बोलायला लहानपणापासून शिकलोय, म्हणून आमच्या घरचे सगळे पुण्यात ओरडून बोलतात असं लोकांना वाटतं. मी तिला दोन दिवस शिकवलं. बावीस नावं, एक चिठ्ठी, म्हणून बावीसात एक. ती कांड्या भरत ऐकत होती. 'बावीसात एक,' तिनं म्हणून दाखवलं. 'बावीसात एक, बावीसात एक. झालं?'

दुसऱ्या वेळी अठ्ठावीस आले. शेरा, 'पाठांतर.'

'आता काय बोललं मशीन?' तिनं तपासणी केंद्राबाहेरच्या पायरीवर विचारलं.

'पाठ करून आली म्हणतंय.'

'मग शाळेत काय करत हुतो आपण?'

घरी आल्यावर मी जरा चिडूनच बोललो. मला लाज वाटते त्याची. म्हणालो, 'आक्का, हे तुला खरंच कळत नाही? डब्यात बावीस जणींची नावं आहेत…'

'बावीस जणींची नसत्यात.'

'म्हणजे?'

तिनं उठून फडताळातून डबा काढला. स्टीलचा, साखरेचा जुना. माझ्या लहानपणीही हाच होता. दर महिन्याच्या दहा तारखेला बायका जमायच्या, एक चिठ्ठी निघायची, टाळ्या व्हायच्या, आणि उरलेल्या चिठ्ठ्या आक्का तशाच गॅसवर धरून जाळायची. उघडायच्या नाहीत. उघडल्या तर भिशी बुडते. हे मला इतकं पक्कं सांगितलं होतं की मी त्या डब्याला कधी हातही लावला नव्हता.

'मेपासून नवी भिशी हाय,' ती म्हणाली. 'ह्या पयल्या म्हैन्याच्या. उघड.'

मी एक उघडली. मुमताज. दुसरी उघडली. मुमताज. सात-आठ उघडल्यावर थांबलो.

'सगळ्या?'

'तिच्या पोरीला, निलोफरला, नर्सिंगला नंबर लागलाय मिरजंत. मे संपायच्या आत फी भरायची हाय. दुसऱ्या कुणाचं नाव काढू?'

'आणि बाकीच्या बायका?'

'त्यांस्नी म्हाईत हाय की. आज हिचं, उद्या तिचं.'

'सगळ्यांना माहीत आहे तर मग चिठ्ठी कशाला? सरळ द्या ना.'

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्याकडं दोन दिवस बघत होतो. 'सरळ द्यायचं म्हंजे तिला मागाय लागंल. मागितलं की मान खाली जाती, ऋत्या. चिठ्ठी निघाली की नशीब म्हणायचं, पैसं घ्यायचं आणि ताठ चालत घरी जायचं.'

'पण ती मागत नाही, तर तुला कळतं कसं?'

'बघून कळतंय. माणूस गप बसलं म्हंजे, न्हाई तर लै बोलाय लागलं म्हंजे.'

तेवढ्यात मुमताजभाभीच दारात. कांड्यांची पाटी कमरेवर. मी घाईघाईनं चिठ्ठ्या डब्यात कोंबल्या.

'काय गं आक्का, भावाला चा तरी दिलाईस, का नुसतंच मार्क सांगालाईस?'

'दिला की. तू ये, बस.'

'बसाय कुठला येळ?' तिनं डब्याकडं बघितलं. डोळ्याची पापणीही हलली नाही. 'नव्या भिशीच्या चिठ्ठ्या काय? आमचं कुठलं नशीब बाई, आमचं नाव शेवटालाच.'

'बघू की,' आक्का म्हणाली. 'कुणाचं निघंल सांगता येतंय काय?'

दोघीही इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलल्या की कुठल्याही कॅमेऱ्याला काही सापडलं नसतं.

ती गेल्यावर मला एकदम सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, इतकी वर्षं समोर होतं ते दिसलं. 'आक्का, माझा लॅपटॉप.'

ती कांडी भरायला लागली.

मी सतरा वर्षांचा होतो. भिशी तेव्हा दीड हजाराची. मला लॅपटॉप हवा होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं, नुसता रोज एका दुकानाच्या काचेसमोर थांबत होतो. त्याच महिन्यात आक्काची चिठ्ठी निघाली. तेहतीस हजार. काय नशीब, म्हणत आम्ही नाचलो होतो. त्या लॅपटॉपवर मी सगळं शिकलो. जिथं-तिथं स्वतःबद्दल 'स्वयंशिक्षित' असं लिहितो.

'माझ्या वेळेलाही सगळ्या चिठ्ठ्यांवर तुझंच नाव होतं?'

'चा घे, गार व्हतोय,' ती म्हणाली.

तिसऱ्या वेळेसाठी मी लबाडी शिकवली. तेही सांगतो. म्हटलं, प्रश्न आला की अ वर बोट ठेव, पण दाबायच्या आधी मनात अवघड गुणाकार कर, म्हणजे बाहुली मोठी होईल आणि यंत्राला वाटेल तू विचार करतेयस. करून बघ. सतरा गुणिले तेवीस.

'तीनशे एक्क्याण्णव.'

मी फोनवर तिच्या डोळ्याचं माप बघत होतो. काहीही हललं नाही. 'अठ्ठेचाळीस गुणिले छत्तीस.'

'सतराशे अठ्ठावीस.' परत काही नाही. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती, कांड्या भरता भरता. तिला जोरच लागत नव्हता. 'डोळं मोठं व्हायला आणि काय करू?' ती म्हणाली. 'भूत बगू?'

आम्ही इतकं हसलो की पलीकडून दाजी बघायला आले.

तिसऱ्या वेळी चौतीस आले.

पंधरा एप्रिलला मी तिचा सांभाळकर्ता झालो. तिनं सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, 'तुला चालायला मी शिकवलं रं, आणि आता माझं बोट तू धरणार.' मी परतीची एसटी पकडली.

पहिले तीन महिने निरीक्षण असतं. एक रुपया जरी खर्च झाला तरी सांभाळकर्त्याच्या फोनवर येतो, आणि तो मंजूर म्हणेपर्यंत तिकडं पैसे सुटत नाहीत. अबोलीचा गजरा, वीस रुपये. मंजूर. मिरची कांडप, ऐंशी. मंजूर. दाजींच्या गुडघ्याचा पट्टा, दोनशे चाळीस. मंजूर. ती दुकानात उभी असेल, मागे रांग असेल, दुकानदार बघत असेल, ह्या भीतीनं मी फोन हातातच ठेवायचो. अंघोळीला जाताना खिडकीत. मला तिचा दिवस पाठ झाला. सकाळी साडेसहाला दूध, अकराला भाजी, शुक्रवारी गजरा. फोन मात्र ती उचलेना. 'कामात हाय,' एवढाच मेसेज. तिच्या आयुष्यातलं सगळं मला दिसत होतं आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटतं, माझ्या चोवीस तासांतली जिवंत मिनिटं तीच होती, मंजूर म्हणायची.

दहा मे. सकाळचे अकरा चाळीस.

मुमताज नदाफ, एक लाख दहा हजार.

मी मंजूर दाबलं, पण गेलं नाही. सांभाळातल्या माणसाला एका वेळी पाच हजारांच्या वर पाठवायचं असेल तर सांभाळकर्त्याला कॅमेऱ्यासमोर जबाब द्यावा लागतो. नियमांची चाळीस पानं मी वाचली होती. हे मला माहीत होतं. तिला सांगायला हवं होतं, पैसे तुझ्या खात्यात जमा करून घेऊ नकोस म्हणून. आम्ही बोलत नव्हतो, आणि मी सांगितलं नाही.

पडद्यावर प्रश्न आला. 'ही सोडत कुणाचंही नाव निघू शकेल अशा रीतीनं झाली का? हो / नाही.'

नाही म्हटलं तर पैसे अडकणार आणि आक्कावर चौकशी लागणार, भिशीत फसवणूक म्हणून. चौकशीला किमान तीन महिने. फीची मुदत एकोणतीस मे.

फोन वाजला. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा तिचा.

'ऋत्या, पैसं जाईनात.'

'बघतोय.'

'मशीन काय इचारालंय तुला?'

'चिठ्ठी खरी होती का.'

मागे खडखडाट चालू होता. तिनं श्वास घेतलेला मला त्यातूनही ऐकू आला.

'खोटं बोलू नगंस माझ्यापायी,' ती म्हणाली. 'तुझं काम त्यावरच हाय. मी सांगतो मुमताजला.'

'काय सांगणार?'

'आडकलंय म्हणून सांगणार. ती हितंच बसलीया, डबा मांडीवर घेऊन. पेढं आणल्यात तिनं.' मग जरा वेळानं, 'निलोफर पण आलीया.'

मी फोन ठेवला आणि कॅमेऱ्याकडं बघून हो दाबलं.

हे खोटं होतं. नंतर मी त्याला मनातल्या मनात बरीच चांगली नावं दिली, पण ते खोटंच होतं, आणि भिशी घेऊन पळणारा माणूसही तिथं हेच बटण दाबेल हे मला कळत होतं. फक्त मला आणखी एक गोष्ट माहीत होती. मंजुरी लगेच लागू होते, पण डोळ्यांचा निकाल चोवीस तासांनी येतो.

यंत्राला शंका आली की ते पडताळणीचा प्रश्न टाकतं. त्यानं टाकला. बावीस बायकांची भिशी आहे, दर महिन्याला प्रत्येकीनं पाच हजार. माझाच. चौदा नंबर.

मी तो वाचला. मी लिहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं. नजर क वर गेली, तिथून परत आली. अ दाबलं.

पैसे गेले. दोन मिनिटांनी आक्काचा मेसेज आला. 'पेढा खाल्ला तुझ्या नावचा.'

दुसऱ्या दिवशी निकाल. 'उत्तर बरोबर. समज जुळत नाही.' समजांक सत्तावन्न.

प्रश्न लिहिणाऱ्याला किमान ऐंशी लागतात, त्यामुळे काम त्याच दिवशी बंद झालं. सांभाळकर्ता म्हणून नाव गेलं, आक्का यंत्राकडं गेली. महिनाअखेरीपर्यंत माझ्या उरलेल्या दोन संधी संपल्या. दोन्ही वेळा मला पाठ असलेली उत्तरं मी बरोबर दिली आणि दोन्ही वेळा यंत्र म्हणालं, समज जुळत नाही. मग रक्ताच्या नात्यात साठच्या वरचं कुणी आहे का ते त्यानं शोधलं. कुणी नव्हतं. मीही यंत्राकडं गेलो.

आक्काला मी काहीही कळवलं नाही. काय सांगणार? तिच्यापायी झालं असं तिला वाटलं असतं.

जूनमध्ये मी दुधाची पिशवी आणि पाव घेतला. बासष्ट रुपये. मंजूर. सेकंदही लागला नाही. दुकानदारानं मान वरसुद्धा केली नाही. मी पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो. आक्काच्या वीस रुपयांच्या गजऱ्याला पलीकडं निदान मी होतो. शुक्रवार आला म्हणून बरं वाटणारं कुणीतरी होतं. आता तिचा गजरा कुणाला दिसत नव्हता, माझा पावही. दोन्हीकडं सगळं वेळेवर मंजूर होत होतं. खात्यात माझे सहा हजार उरले होते, आणि यंत्रानं रोजचा खर्च एकशे दहावर आणला होता. ते अगदी बरोबर होतं. मीही तेवढाच ठेवला असता.

दहा जूनला दुपारी साडेबाराला मी भात शिजवत होतो. फोन थरथरला.

कमल हावळ यांच्याकडून पाच हजार जमा.

मी भात तसाच सोडला. चुकून आले असतील. परत थरथरला. इंदुमती दिवाण, पाच हजार. राजश्री म्हेत्रे, पाच हजार. सुलभा कोरे. यायला मंजुरी लागत नाही, त्यामुळे ते येत राहिले. फोन ओट्यावर सरकत सरकत कडेला आला तेव्हा मी हातात घेतला. मुमताज नदाफ, पाच हजार. सारिका दिवटे, पाच हजार. बावीस.

मी आक्काला फोन लावला. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

'आक्का, हे काय आहे?'

'भिशी. तुझी चिठ्ठी निघाली.'

'मी भिशीत नाही.'

'तेविसावा हाईस. तुझं पाच हजार मागनं दे, हाईत तसं.' मागून बायकांचा गलका येत होता. 'आता पैसं माझ्याकडं जमवायचंच न्हाई. जिची चिठ्ठी निघंल तिला सगळ्यांनी सरळ पाठवायचं. पाच हजाराच्या वर न्हाई म्हंजे पाच हजार चालतंय न्हवं? मी नुसती चिठ्ठी काढणार.'

मी चाळीस पानं वाचली होती. मला हे सुचलं नव्हतं. तिला चौतीस मार्क होते.

'आक्का, मला कशाला पण? मी काही म्हटलं का?'

'न्हाई म्हटलास.'

'मग?'

ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण गलका कमी झाला. 'एक सांगू काय? ते पंचवीस दिवस मी कायबी घेतलं, तू दोन सेकंदात मंजूर करत हुतास. पहाटं दूध घेतलं, दोन सेकंद. दुपारी मुद्दाम दहा रुपायाची कोथमीर घेतली, दोन सेकंद. येकदा रविवारी घेऊन बघितलं. तवाबी दोनच.' मग म्हणाली, 'ज्याच्याजवळ कोण आसतंय, त्याला येवढ्या लवकर जमत न्हाई रं.'

 भात करपल्याचा वास यायला लागला होता.

'आणि आता मला मशीन मंजूर करतंय,' ती म्हणाली, 'म्हंजे तू गेलास तिथनं. म्हंजे काम गेलं. कळतंय की.'

'माझे पैसे पण गेलेत, आक्का. दोन वर्षांपूर्वीच. सगळे.' मी म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखा घोगरा आला. 'दोन लाख ऐंशी हजार. कळत होतं तरी घालवले.'

'बरं,' ती म्हणाली. बास, एवढंच. बरं.

मागून मुमताजभाभी ओरडली, 'नशीब काढलं म्हणावं भावानं! येवढ्यांतनं बरोबर त्येचंच नाव!' आणि सगळ्या हसल्या.

मी ओट्याला टेकून उभा होतो. 'आक्का,' मी म्हणालो, 'उरलेल्या चिठ्ठ्या आहेत ना अजून? एक उघडून बघ ना.'

तिकडून गॅस पेटवल्याचा आवाज आला.

'उघडायच्या नसत्यात रं,' ती म्हणाली. 'भिशी बुडती.'